भावाचे कपडे

ताम्पेरेतल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात
वेइक्कोने तीन पिशव्या टेबलावर रित्या केल्या.
चार पँटी, लग्नातला कोट
आणि पट्टा :
खिळ्याने पाडलेली सहा भोकं,
आत आत सरकत गेलेली.

काउंटरवरच्या पोरीने कोट उलगडला,
त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा कोटाकडे.
"कोणाचे?"
"भावाचे," तो बोलून गेला. का, कोण जाणे.

तिचा आवाज एकदम खाली आला.
"वाईट झालं."
"हो. जेवायचा मात्र मनापासून.
हसला की खुर्ची कुरकुरायची."

तिने बाह्या छातीवर दुमडल्या.
त्या अंगाला इतक्या हलक्या हाताने
कुणीच शिवलं नव्हतं,
त्यानेसुद्धा.

पट्टा तेवढा त्याने परत मागितला,
आठवण म्हणून.

बाहेर उणे अकरा.
ट्राम येईपर्यंत
खिशातली बोटं
भोकं मोजत राहिली.