थंड उजेड

जुना दिवा मेटल हॅलाइडचा, दीडशे वॅटचा.
पेटायला चार मिनिटं घ्यायचा,
आधी जांभळट, मग हिरवट, मग एकदम भर दुपार.
त्याच्या चोकचा डबा कपाटावर गुणगुणत असायचा
आणि डब्यावर शेवंती, आमची मांजर,
चारही पाय पोटाखाली घेऊन.

समुद्र इथून लांब.
आमचा बादलीतून येतो, पुड्यातल्या मिठाचा,
आरओच्या पाण्यात रात्रभर ढवळलेला,
पावणेचार फूट लांब, इंदिरानगरात, दुसऱ्या मजल्यावर.
त्यात दोन जोकर मासे, एक कोळंबी,
आणि दगडाला धरून मऊ प्रवाळांची वस्ती,
जिला भूक लागते ती उजेडाची.

बल्ब वर्षाने पिवळा पडतो, सादिक म्हणाला होता.
डोळ्याला कळत नाही, प्रवाळाला कळतं.
विद्याधरला फक्त बिल कळायचं.
तो ते फ्रिजवर चुंबकाखाली लावायचा,
काही न बोलता.

कॉलेज रोडच्या दुकानात सादिक तांबोळीने
तीन एलईडी काउंटरवर उलगडून ठेवले,
साड्या दाखवतात तसे.
"हा स्वस्त, पण नुसता पांढरा.
ह्याचं भिंग अरुंद, मध्ये ऊन, कडेला संध्याकाळ.
हा घ्या मॅडम. निळा वेगळा, जांभळा वेगळा,
मोबाइलवरून पहाट होते."
भिशीचे सगळे पैसे त्या पहाटेत गेले.

मी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये आहे, एकवीस वर्षं.
मोजल्याशिवाय मला झोप येत नाही.
सही करून लक्स मीटर घरी आणला.
नव्याचा आकडा जुन्याच्या निम्मा!
चिडून फोन केला, तर सादिक हसला.
ते यंत्र माणसाच्या डोळ्याची बाजू घेतं, म्हणाला,
निळं त्याच्या हिशेबात नाही.
इतकी वर्षं पोरांच्या हातात ते यंत्र मी दिलं
आणि हे मला मासेवाल्याने सांगावं.

तरी हट्टाने शंभर टक्के लावला.
तिसऱ्या दिवशी प्रवाळ मुठी आवळून बसले,
कडेने पांढरे.
मग तीसवर आणला, आठवड्याला पाच-पाच वाढवत नेला.
खालच्या करवाबाईंनी जिन्यात थांबवून विचारलं,
"ते निळं डास मारायचं मशीन कुठे मिळतं हो?"

जानेवारीत पारा सातवर आला.
रात्री पाण्यात हात घातला आणि कळलं,
जुना दिवा नुसता उजेड देत नव्हता.
दिवसभराची त्याची ऊब धरून
पाणी रात्र काढायचं.
बिलात ती होती. माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हती.
थर्मामीटर एकवीस. मासे कोपऱ्यात, तिरपे.

पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गरम पाण्याने भरून
मी टाकीत तरंगत सोडत होते
तेव्हा निफाडहून रंगनाथचा फोन. तीन वाजले होते.
"जागी आहेस?"
"आहे. तू?"
"बागेत शेकोट्या केल्यात. मणी तडकतील नाहीतर."
"मी पण पाणी तापवतेय."
"कोणासाठी?"
"माशांसाठी."
माझा भाऊ बराच वेळ बोलला नाही.
फोनमध्ये काटक्या तडतडत होत्या.
मग म्हणाला, "किती डिग्री लागतं त्यांना?"
"पंचवीस."
"लाडाचे आहेत," तो म्हणाला. "आम्हाला दहा मिळालं तरी पुरे."

सकाळी हीटर आणला, तीनशे वॅटचा.
बिल पुन्हा होतं तिथे आलं,
फ्रिजवर, चुंबकाखाली.

प्रवाळ आता उघडलेत. रंग असे,
की जुन्या दिव्यात ते होते कुठे, असं वाटावं.
पाहुणे येतात, फोटो काढतात.

शेवंती अजून कपाटावर चढते.
डबा नाही, त्याचा चौकोन आहे, धूळ नसलेला.
त्यावर बसते, पाय पोटाखाली घेऊन,
आणि निळ्यात निळी होऊन
माझ्याकडे बघत राहते.