पिन कोड जुनाच

पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्री आम्ही जिल्हा झालो.
सकाळी उठून बघतो तर म्हशी तिथंच, हापसा तिथंच,
फक्त तहसील कचेरीच्या पाटीवर
कुणीतरी 'तह' खरवडून 'जिला' रंगवलेलं
आणि पुढचं 'सील' खरवडायचं राहून गेलेलं.
लांबून वाचलं की 'जिला सील'.
बाहेरगावचा ट्रकवाला विचारायचा,
"कसली साथ आलीय का इथं?"

कलेक्टर ऑफिस बसवलं तेंदूपत्त्याच्या गोदामात.
भिंतींनी वास सोडला नव्हता.
कुठलीही फाइल उघडावी
तर आतून विडीची तलफ यायची.
खरेबाबूंनी सात वर्षं सोडलेली
इथं आल्यावर पुन्हा धरली.

मी जुन्या जिल्ह्याच्या वाटणीत आलेला कारकून.
एकशे बारा किलोमीटर, ट्रकच्या हौद्यात,
लाल बासनांवर बसून.
भाऊ वेगळे होताना भांडी मोजतात
तसं सगळं मोजून घेतलं होतं आम्ही:
धरण त्यांच्याकडे, पूर आमच्याकडे,
सिमेंटचा कारखाना त्यांच्याकडे,
धूळ वाऱ्याच्या मर्जीनं.
एक जीप मिळाली. तिची स्टेपनी तिकडेच राहिली.
त्यावर पत्रव्यवहार अजून चालू आहे.

कलेक्टर टोप्पो मॅडम, वय एकतीस.
पहिल्या दिवशी खुर्ची पोचली नव्हती,
उभ्यानंच सह्या केल्या.
लोक म्हणाले, ही काही टिकायची नाही,
बसलीसुद्धा नाही.

मंगळवारी जनसुनवाई.
रामरती कोल अगदी पहिल्या मंगळवारापासून.
नवरा चुनखडीच्या खाणीत, दरडीखाली.
विधवा पेन्शनचा अर्ज, चार घड्या घातलेला,
घड्यांवर अक्षरं उडालेली.
मी मशिनीत नाव टाकलं, नवऱ्याचं टाकलं, गाव टाकलं,
मग जिल्ह्याची यादी वर सरकवली, खाली सरकवली.
सगळे होते. सेमरधा नव्हतं.
म्हटलं, "काकी, आपला जिल्हा अजून मशिनीत आलेला नाही."
ती माझ्याकडे बघत राहिली,
मग माझ्या टेबलाकडे, पंख्याकडे.
"मग तू कुठं बसलायस?"

जुना जिल्हा निवडून पाहिला.
तिकडून उत्तर आलं, सदर महिला आमच्या हद्दीत नाही.
भोपाळला लिहिलं.
भोपाळनं विचारलं, सदर जिल्हा कोणता?

पुढच्या मंगळवारी ती आली,
त्याच्या पुढच्याही.
कार्तिकात येताना डोक्यावर कढई घेऊन आली.
थांबायचंच आहे तर पोट कशाला थांबवू, म्हणाली.
फाटकाबाहेर तीन दगड, मुगाचे मंगोडे, लसणाची चटणी.
आधी रांगेतले अर्जदार,
मग स्टॅम्पवाला, दोन वकील, ड्रायव्हर,
मग मंगळवार सोडून बाकीचे वारही.
पटवारी उधारीवर खातो.
ती गोदामाच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढते,
कुणाच्या किती ते तिलाच ठाऊक.
आमच्या जिल्ह्यात चुकत नसलेली
एवढी एकच नोंदवही आहे.

चैत्रात यादीत आलो.
'सेमरघा' असे आलो, 'ध'चा 'घ' होऊन.
मॅडम आता बसून सह्या करतात,
म्हणाल्या, राहू दे, दुरुस्ती मागायला गेलो
तर पुन्हा नाहीसे होऊ.
पहिली मंजुरी मी रामरतीचीच काढली.
शिपाई नको म्हटलं, स्वतः कागद घेऊन फाटकाशी गेलो,
हाक मारली, पूर्ण नाव घेऊन,
रामरती कोल, वल्द नव्हे, बेवा सुदामा कोल,
जिल्हा सेमरघा.

तिनं वर पाहिलं नाही.
झाऱ्यातलं तेल निथळू दिलं, म्हणाली,
"आत्ताच घाणा सोडलाय. मागून ये."

कागदावर अंगठ्याची चौकट कोरी.
माझ्यापुढे स्टॅम्पवाला, खरेबाबू, आणि कुणी एक म्हातारा
ज्याचं काम कुठल्या जिल्ह्यात आहे
हे त्यालाच नक्की ठाऊक नव्हतं.
मी चौथा उभा राहिलो.