पाठकोरी लेबलं

बाबा पक्षाच्या छापखान्यात खिळे जुळवायचे,
साखर पेठेत.
अडुसष्टच्या ऑगस्टात त्यांनीच जुळवली ती ओळ:
'बंधुराष्ट्रांनी मदतीचा हात पुढे केला.'
'मदतीचा'मधला म उलटा लागला.
कॉम्रेड गड्डम म्हणाले, चूक झाली, वंगारी.
बाबा म्हणाले, हो. चूकच झाली.
आणि म तसाच ठेवला.

नऊ वर्षांनी कॉलेजातल्या एका सरांनी
सायक्लोस्टाइलचे मळके कागद आणून दिले.
तिकडच्याच कुणाचे. लेखक म्हणे,
पण आता बॉयलरमध्ये कोळसा टाकतो.
त्याचं नाव आम्हाला कधी नीट म्हणता आलं नाही.
घरात तो 'भट्टीवाला',
जसा काही आमच्याच गिरणीत तिसऱ्या पाळीला.

बाबांचं इंग्रजी डिक्शनरीपुरतं, तेलुगू घरापुरतं,
मराठी बोटांत.
एका रात्री एक वाक्य.
'खोटं आम्ही बोलत नाही,
फक्त आमच्यावरून जाऊ देतो,
रस्ता रणगाड्याला देतो तसं.'
इथं चार रात्री अडकले. देतो की दिलं?
अम्मा तेंदूपानं कातरत होती.
म्हणाली, येंदुकू? कशाला एवढा विचार?
'देतो' कर. अजून चाललंय ना.

कागदाला पैसे नव्हते.
तिनं कारखान्यातून रंग चुकलेली लेबलं आणली, टोपलीभर.
पुढं निळा पडलेला वाघ, मागं कोरं.
चाळीस प्रती.
पान तळहाताएवढं,
म्हणून भट्टीवाला आमच्याकडे
दम लागल्यासारखा, थांबत थांबत बोलला.

बाबांना काढल्याचा कागद आला.
'शत्रूच्या हातचं बाहुलं' वगैरे.
बाबांनी तो वाचला नाही, तपासला.
दोन वेलांट्या चुकलेल्या. पेन्सिलीनं दुरुस्त करून
परत पाठवला.
तरी पुढच्या संपात पहिल्या रांगेत तेच.
बावट्याशी माझं भांडण नाही, म्हणायचे,
भांडण त्या ओळीशी.

एकोणनव्वदची थंडी. रेडिओ खरखरतोय.
तिकडं चौक भरलाय, लोक खिशातल्या किल्ल्या वाजवतायत.
एक काच फुटली नाही.
भट्टीवाल्याला वाटाघाटीच्या टेबलाशी बसवलंय.
काय बोलला, ते बातमीत नव्हतं.
बाबा म्हणाले, थांबत थांबत बोलला असेल.

मग उठले. खुंटीवर छापखान्याची किल्ली होती,
बारा वर्षं कुणी परत मागितली नव्हती.
हलवून पाहिली.
एकटी किल्ली वाजत नाही.
अम्मानं कमरेची काढून दिली, पत्र्याच्या पेटीची.
आता दोन झाल्या.
वाजल्या असतील.
शेजारी यंत्रमाग चालू होता, चादरीचा,
मला काही ऐकू आलं नाही.
हात हलताना दिसला फक्त.

पुरे आता, अम्मा म्हणाली. झोपा.
सकाळी हजार बिड्या द्यायच्यात.