एवढंच व्हय?

कमरेखाली मी नाहीच. पडद्यावर मात्र आहे:
पाण्यात बुडालेली पांढरी गुहा, म्हणजे माझा गुडघा,
आणि मधोमध लिगामेंट,
चऱ्हाटाचं पिंजलेलं टोक जसं.

"पेठ कुठली?" मास्कमागून डॉक्टर इंगवले.
"शिवाजी."
"मी मंगळवारचा," म्हणाले,
आणि ड्रिल सुरू केलं.
सिस्टर हसली. मीही, अर्धा.

माझ्याच मांडीतली शीर काढून, दुमडून,
हाडाच्या बोगद्यातून ओढून घेतली त्यांनी
नाडी ओवावी तशी.

संध्याकाळी आईनं चादर उचलली.
तीन पट्ट्या, बोटाएवढ्या.
"एवढंच व्हय? आन् बिल एवढं?"

नऊ महिने बॉलला पाय लावायचा नाही.
खिडकीतून शाहू स्टेडियमचा गलका येतो.
गोल कुणाचा, आवाजावरून कळतं.
चादरीखाली अंगठा ताठ होतो.
ह्या खेपेला
मंगळवारचा.