मान बसवताना

खोक्यात दोन लाकडं निघाली, वेगवेगळी गुंडाळलेली,
एक धड, एक मान,
आणि चार स्क्रूंची पुडी
ज्यातले तीनच सारखे.

पवननगरच्या गच्चीवर डिसेंबरचं ऊन.
बाबा खुर्चीत. त्यांच्याही मानेला पट्टा,
डॉक्टर म्हणालेत, सहा आठवडे खाली बघायचं नाही.
त्यामुळे ते समोर बघतात, पांडवलेण्यांच्या डोंगराकडे,
आणि मला हाताखाली घेतात.

"आधी खाच. आत रंग गेलाय?"
गेलाय. कोपऱ्यात गोठलेला लाल थेंब.
"काढ तो. लाकडाला लाकूड लागू दे.
रंगावर बसवलेली मान
वर्षभरात कुरकुरायला लागते."

बत्तीस वर्षं अंबडच्या फौंड्रीत
खैरनार मिस्त्री लाकडाचे पॅटर्न घडवत होते.
लोखंड निवताना आकसतं,
म्हणून प्रत्येक वस्तू जरा मोठीच करायची,
हे बोटांत इतकं मुरलेलं
की माझे फ्रॉकसुद्धा ते एक माप मोठेच आणत.

मी पॉलिश पेपर गुंडाळते पट्टीवर.
चार वेळा घासायचं, एकदा बसवून बघायचं.
मान आत जाते, पण डावीकडून
ऊन दिसतं, केसाएवढं.
सांगू की नको?
"उजेड येतोय ना," ते म्हणतात, डोंगराकडे बघतच.

मग दोरा. पतंगाचा नको, तो ताणला की नाचतो.
गवंड्याचा, लाल,
नटच्या दोन्ही कडांवरून थेट ब्रिजपर्यंत.
एक दोरा मानेच्या काठावरून घसरतोय.
ती जरा गंगापूर रोडकडे झुकलीय,
मी तिला केसभर देवळालीकडे ढकलते.

क्लॅम्प. टोच्याने चार खुणा.
ड्रिलच्या पात्याला पिवळी चिकटपट्टी, झेंड्यासारखी.
"झेंडा लाकडाला टेकला की थांब,
पुढे गेलीस तर वर बोटांखाली निघेल."
थांबते.
स्क्रूंना अंगाचा साबण चोळते.
समोरासमोरचे, तिरपे, थोडे थोडे आवळते.
चौथा बाबा त्यांच्या डब्यातून देतात,
न बघता, चाचपून. जुना, काळा, चपखल.

वाटलं, झालं.
तारा चढवल्या. जाडी तार
बाराव्या फ्रेटपाशी इतकी उंच
की खालून मुंगळा साखरेचा दाणा घेऊन
न वाकता गेला असता.

"पाचर लागेल," बाबा म्हणाले,
आणि दोघंही गप्प झालो.
आमच्या घरात हा शब्द कुणी काढत नाही.
माझं जमलेलं मोडलं तेव्हा आत्या म्हणाली होती,
कुणीतरी पाचर मारली.
मारली कुणीच नव्हती. मानपानावरून फिसकटलं.
त्यांच्या काकांना टोपी नाही, अंगठी हवी होती,
आणि बाबा मांडवाआधीच ताठ उभे राहिले.

पत्रिका माळ्यावर आहेत अजून, दोनशे.
जाड, सोनेरी कडेच्या, वासाच्या.
मी एक आणली. ब्लेडने पट्टी कापली, नखाएवढी रुंद.
तिच्यात "शला" आलं, "का" राहिलं.
त्याच्या नावाचं एक अक्षरही नाही.
मान सोडली, खाचेच्या मागच्या टोकाला पट्टी ठेवली,
पुन्हा आवळली.
तार खाली आली, जिथं यायला हवी तिथं.
मुंगळ्याला आता वाट नाही.

बाबांना वाकता येत नाही,
म्हणून मीच बास उचलते, तिचं शिंग
पट्ट्याच्या वर त्यांच्या जबड्याला टेकवते
आणि जाडी तार सोडते.

आवाज फारसा येत नाही. ॲम्प अजून घ्यायचाय.
पण त्यांचे दात बहुतेक वाजले,
डोळे मिटले,
डोंगर पहिल्यांदा सुटला नजरेतून.

"खरखरतेय," ते म्हणाले. "फार ताठ बसलीय.
आतल्या सळीची किल्ली घे. सैल कर.
तिला थोडा वाक लागतो, नाहीतर तार
मोकळी हलत नाही."
मी किल्ली शोधत होते, खोक्यात, भुशात, साबणाखाली.
"हे तेव्हा कुणी मला..." म्हणाले आणि थांबले.

मग, हनुवटी होती तिथंच ठेवून:
"पाव फेरी. जास्त नको."