पंधरा दिवसांनी तेच प्रश्न

ओतियाच्या अंगणात अक्रोड वाळत घातले होते.
त्यातून पाय जपत आत गेले, काखेत प्रश्नावली.
तीस प्रश्न, फ्रेंचमधून आमच्या जॉर्जियनमध्ये आणलेले,
आणता आणता मीच एका शब्दाशी अडलेली:
लाज लिहू की संकोच?
तिबिलिसीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माणसांना विचार.

"गेल्या चार आठवड्यांत लघवीच्या त्रासामुळे
घराबाहेर पडणं अवघड गेलं का?"
"अजिबात नाही," ओतिया म्हणाला.
शून्य.
"चारचौघांत कपडे ओले होतील, ही धास्ती?"
शून्य.
"पाणी, वाइन जोखून प्यावी लागते?"
"वाइन? पीतच नाही."
तेही शून्य.
आकडा जितका मोठा तितकं जिणं वाईट.
याची बेरीज नऊ.
इतका सुखी माणूस मला अख्ख्या काखेतीत भेटला नव्हता.

लामारा चुलीपाशी, पाठमोरी.
"बाहेर पडतो कुठे तो?
पोटातलं पाणी हलू नये म्हणून
सहा वर्षांत खिडकीपासची खुर्ची हलली नाही."

याच अक्रोडावरून पडला.
त्याआधी गावाचा तमादा होता,
मेजवानीत कुणाच्या नावाने प्यायचं, कोणत्या शब्दांत,
ते ठरवणारा.
जमिनीत पुरलेला रांजण अर्धा व्हायचा, उजाडायचं,
आणि तमादाने मध्येच उठायचं नसतं.
आता दर चार तासांनी नळी.
तीस प्रश्नांत मेजवानी कुठेच नव्हती.

नियम असा की पंधरा दिवसांनी
त्याच माणसाला तेच प्रश्न.
उत्तरं तीच आली, तर माप खरं.

गेले.
अक्रोड आत गेले होते.
चिखलात चाकांचे माग, फाटकापर्यंत,
आणि फाटकाबाहेरही.

"घराबाहेर पडणं?"
"अतिशय अवघड."
"धास्ती?"
"चारच्या वर आकडा नाही का तुमच्याकडे?"

शेजारच्या नेस्तानचं लग्न. म्हातारा तमादा आजारी.
"घोट मोजून प्यालो, मुली, शब्द मात्र मोजले नाहीत.
गेलेल्यांच्या नावाने सगळे उभे राहिले,
मी तेवढा बसलेला,
आणि मनगटावरचं घड्याळ किणकिणलं.
चार तास झाले होते.
म्हटलं, थांबा. मेलेल्यांना घाई नसते.
लामाराने मला मागच्या खोलीत नेलं.
हात थरथरत होते, नळी दोनदा खाली पडली,
तिसरी पाकिटातून काढली.
पँटवर डाग होता, शाल ओढून घेतली.
परत आलो तर
दोनशे माणसं तशीच उभी,
एकानेही प्याला टेकवला नव्हता."

बेरीज एकाहत्तर.
कागदापुरतं बोलायचं तर
पंधरवड्यात या माणसाचं आयुष्य कोसळलं होतं.
तक्त्यात अशांसाठी एक रकाना असतो:
स्थिती बदललेला, वगळावा.

निघताना त्याला विचारलं,
अठराव्या प्रश्नात लाज ठेवू की संकोच?
ओतिया अक्रोड फोडत होता.
"लाज ठेव," म्हणाला.
"संकोच काय, घरी बसूनही होतो.
लाज वाटायला लग्नाला जावं लागतं."

अर्धा अक्रोड त्याने माझ्या हातावर ठेवला.
दुसऱ्या हाताने मी शब्द बदलला.