सातवी चादर

साहेबांनी विचारलं, चांगली कुठली?
जुनी कार्बाइन, की ही नवी,
हातभर, काळी, अजून ग्रीसचा वास येणारी?
कागदावर नवीच, सर.
कागद ठेव बाजूला, म्हणाले. दाखव.

गोळी मोजायला जेलीचे ठोकळे लागतात.
ते लॅबमध्ये असतात.
आमच्याकडे सोलापूर आहे.
हत्तुरे हवालदार अशोक चौकातून
डागी चादरी घेऊन आला, किलोवर.
एकीवरच्या मोराला दोन माना होत्या.
हौदात भिजवल्या, पिळल्या नाहीत,
प्रत्येकीच्या सोळा घड्या घातल्या
आणि मातीच्या बांधाला टेकवून एकीमागं एक उभ्या केल्या.
लांबून वाटावं, कुणीतरी आंघोळ करून
पाठमोरं बसलंय.

सोरेगावची रेंज, एप्रिलचे साडेअकरा.

जुनी ठकठक बोलते,
अप्पांच्या मागासारखी, मधेच एक ठोका गिळते.
गोळी जाड, सावकाश, सरळमार्गी.
सातव्या चादरीत जाऊन बसली,
नाक जरासं चेपलेलं, हाताला अजून गरम.

नवी बोलत नाही.
ठाण टरकावल्यासारखा एकच आवाज,
संपल्यावर कळतं की झाला.
गोळी बारीक, घाईची.
चौथ्या चादरीत आडवी झाली
आणि तशीच आडवी
अकराव्यापर्यंत गेली.

वहीत लिहिलं: जुनी सात, नवी अकरा.
साहेबांनी सही केली आणि जेवायला गेले.

मग पुंगळ्या. झाडल्या साठ, सापडल्या एकोणसाठ.
चार माणसं उन्हात गुडघ्यांवर.
माझी आई बीड्या वळते, पंचवीसचा जुडगा
न बघता बोटांनी मोजते,
एक कमी भरली तर कारखान्यात मजुरी कापतात.
तीच बोटं माझी.
साठावी हत्तुरेच्या बुटात निघाली.
तो म्हणाला, तरीच म्हटलं काय टोचतंय बे सकाळधरनं.

चादरी मी घरी आणल्या. टाकवत नाहीत.
आईनं दोरीवर घातल्या, एकीशी थांबली.
हिच्यावर कोण बीडी ओढलं रे?
खरंच, वरून तेवढंच दिसत होतं,
निखारा पडल्याएवढं.
जुनीचं तसं, नवीचंही तसंच.
दोन्ही शेजारी धरली तर मलासुद्धा सांगता येईना
कुठलं कुणाचं.

अप्पांना आता नीट दिसत नाही.
त्यांनी चौथी चादर मांडीवर ओढली,
घडी उलगडत उलगडत आत गेले,
आणि बोट थांबलं.
तिथं तीन बोटं मावत होती.
सातवी त्यांनी नुसती हुंगली.

ताणा तुटला तर गाठ मारता येते, म्हणाले.
बाणा तुटला तर धोटा परत फेकायचा.
हे दोन्ही एकदम गेलंय.
कुठल्या मागावरचं काम हे?

मी सांगितलं. सगळं सांगितलं,
वेग, वजन, नळीची लांबी,
जसं साहेबांना सांगितलं होतं तसंच.
ते मान हलवत ऐकत होते,
एखाद्या नव्या यंत्राची माहिती ऐकावी तशी.

मग ठरलं काय?
नव्या चाळीस मागवल्यात.

बराच वेळ बोट त्या भोकात तसंच होतं.

आणि चादरी?